वायरची सुई

बेळगावची थंडी पूर्वीची राहिली नाही, असं दरवर्षी म्हणायची पद्धत आहे. आणि दरवर्षी डिसेंबर उजाडला की म्हणणारी हीच माणसं कानटोपीसाठी कपाटं उचकटत बसतात. थंडीपेक्षा जास्त फरक पडलाय तो स्वेटरात. रस्त्याकडेला तिबेटी स्वेटरवाल्यांचे रंगीत ढीग लागतात, आणि तिथल्या तयार स्वेटरच्या किमतीत घरी विणायची नुसती लोकरसुद्धा येत नाही. त्यामुळं घरोघरच्या सुया केव्हाच माळ्यावर गेल्या. आमच्या घरातल्या सुया मात्र २०२३ च्या पावसाळ्यापर्यंत कधी माळा चढल्या नव्हत्या, कारण घरात अव्वा आहेत.

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर धारवाडचं. कन्नड त्यांची जन्माची भाषा; मराठी त्यांनी लग्नानंतर बेळगावात शेजारणींकडून आणि भाजीवाल्यांकडून उचलली. माझं माहेर शहापूरचं, मराठी. कन्नड शाळेत शिकले होते, पण तोंडाला बसलं ते सासरी आल्यावर. अशी घरं आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत, तेव्हा त्यात नवल काही नाही. नवल असलं तर इतकंच, की अठरा वर्षांत अव्वांचं नि माझं बोलणं बहुतेक स्वयंपाकघरापुरतं राहिलं. मीठ घातलंय का, दूध आलं का, पाहुणे कितीजण. त्या मराठीत विचारायच्या, मी मराठीत उत्तर द्यायचे. भांडण कधी नव्हतं आणि गप्पाही नव्हत्या. दुपारी चारला चहा झाला की त्या खिडकीत बसून विणायला घ्यायच्या आणि मी पेपर तपासायला. एकाच खोलीत दोघी, आणि मध्ये सुयांचा टिकटिक आवाज.

त्यांच्या सुया चौदा इंची, ॲल्युमिनियमच्या, करड्या रंगाच्या. उजवी सुई काखेत दाबून धरायची, म्हणजे ती हलत नाही आणि हात मोकळा राहतो. डाव्या सुईवरचे टाके एकेक करून उजवीवर आणायचे. ओळ संपली की काम उलटं करायचं आणि परत यायचं. जाताना सुलट, येताना उलट. मागचा भाग वेगळा, पुढचा वेगळा, बाह्या वेगळ्या. शेवटी चारही तुकडे शिवून जोडायचे. शिवण अशी, की मला कधी बोट ठेवून दाखवता आली नसती. “जोड दिसला तर ते पोतं,” असं त्यांचं मत.

२०२३ साली श्रावण अधिक आला होता. त्या अधिक श्रावणात न्हाणीघराच्या पायरीवर त्यांचा पाय घसरला, हात टेकला गेला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलं होतं, पण मनगट ताठ झालेलं आणि पकड गेलेली. व्यायाम सांगितले, ते त्यांनी नेमानं केले. भाकरी थापायला जमू लागली, कपडे पिळणं जमेना. आणि एके दिवशी त्यांनी ट्रंकेतून अर्धवट स्वेटर काढला. माझ्या लेकीसाठी, तेव्हा ती सात वर्षांची होती, पाठ पूर्ण होऊन पुढचा भाग मुंढ्यापर्यंत आलेला. चार ओळी विणल्या असतील. मग सुया खाली ठेवल्या, मनगट डाव्या हातानं दाबून धरलं आणि स्वतःशीच म्हणाल्या, “आगूदिल्ल.”

होणार नाही. एवढा एकच शब्द. स्वेटर सुयांसकट परत ट्रंकेत गेला.

पुढचं वर्षभर त्या चारच्या चहानंतर खिडकीत बसायच्या, पण हात मांडीवर. ज्यांनी आयुष्यभर हाताला काम दिलंय अशा माणसांचे रिकामे हात बघवत नाहीत. टीव्ही त्यांना आवडत नाही. पोथी वाचून होई, जप होई, तरी संध्याकाळ उरायचीच. हळूहळू बोलणंही कमी झालं. मीठ घातलंय का, हेही विचारेनाशा झाल्या.

त्याच सुमारास आमच्या कॉलेजच्या ग्रंथपाल बाई परीक्षेच्या दिवसांत स्टाफरूममध्ये एक विचित्र वस्तू घेऊन बसायच्या. बोटभर लांबीच्या दोन सुया, आणि दोन्हींच्या बुडांना जोडणारी प्लास्टिकची लवचिक दोरी. त्यावर टोपी आकार घेत होती. बाई कॅम्पातल्या, घराणं मूळचं गोव्याचं. त्या तिला ‘सर्क्युलर’ म्हणायच्या, शिपाईमामा ‘वायरची सुई’ म्हणायचे. मला मामांचा शब्द जास्त आवडला.

मला सुलट-उलट टाके शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आलेले होते, त्यामुळं पाटी अगदी कोरी नव्हती. पण मला बाईंच्या टोपीपेक्षा त्यांच्या हातांकडं बघावंसं वाटत होतं. विणकाम त्यांच्या मांडीवर पडलेलं. हातात फक्त दोन आखूड टोकं, पेन्सिलीसारखी. सगळे टाके वायरीवर, म्हणजे सगळं वजन मांडीवर. चौदा इंची सुईवर मोठ्या माणसाच्या स्वेटरची पाठ लटकते तेव्हा तिचा भार टोकाकडं, म्हणजे थेट मनगटावर येतो. इथं तो भारच नाही. मी विचारलं, “हे शिकवाल का?” बाई म्हणाल्या, “सुई आणा, लोकर आणा. आणि घाई घरी ठेवून या.”

सुई घ्यायला गणपत गल्लीत गेले तर पहिला गोंधळ नंबरांचा. आपल्याकडच्या जुन्या सुयांचे नंबर विलायती पद्धतीचे: नंबर मोठा तशी सुई बारीक. आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, दहा नंबर म्हणजे ३.२५. वायरच्या सुईच्या पाकिटावर मात्र मिलिमीटर ठळक असतात, आणि शिवाय लांबी: ४०, ६०, ८०, १०० सेंटीमीटर. ही लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची, वायरीसकट. गोल विणायचं तर सुई आपल्या कामाच्या घेरापेक्षा थोडी आखूड हवी, नाहीतर टाके ताणले जाऊन टोकापर्यंत पोचतच नाहीत. टोपीला ४०, मुलांच्या स्वेटरला ६०, मोठ्यांच्याला ८०. नवी वायर पाकिटात गुंडाळून गुंडाळून सापासारखी वेटोळं धरून बसलेली असते. ती मिनिटभर गरम पाण्यात बुडवून सरळ धरली की नरमते. आणि घेताना सुई व वायर जिथं जुळतात तो सांधा नखानं चाचपून घ्यावा. तिथं जरा जरी कंगोरा असला तर प्रत्येक टाका तिथं अडतो, आणि मग विणकाम म्हणजे डोकेदुखी.

बाईंनी पहिल्या दिवशी टाके घालून वायरीवर पसरायला लावले आणि म्हणाल्या, “आता जोडायच्या आधी बघा. सगळ्या टाक्यांची कड आतल्या बाजूला, खाली हवी. कुठंही पीळ नको. पीळ राहून जोडलं गेलं तर पुढं दुरुस्ती नाही, उसवायचंच.” त्यांनी मुद्दाम एक पिळाचा तुकडा विणून ठेवलेला होता, शिकणाऱ्यांना दाखवायला. शेजारी बसलेल्या गणिताच्या सरांनी तो उचलला आणि त्यांचा चेहरा खुलला. कागदाची पट्टी कापली, एक पीळ देऊन टोकं चिकटवली आणि म्हणाले, “ही मोबियसची पट्टी. १८५८ साली मोबियस आणि लिस्टिंग या दोघा जर्मनांना वेगवेगळी सुचली. हिला आत-बाहेर नाही, एकच बाजू.” पेन्सिल फिरवत फिरवत सुरुवातीला आणून दाखवली. बाई म्हणाल्या, “सर, तुमची पट्टी छान आहे, पण घालायची कुठं?”

पीळ नसेल तर मात्र पुढचं सोपं. पहिल्या टाक्यापाशी एक खूण अडकवायची (मी बांगडीतून निघालेली कडी वापरली) आणि विणत सुटायचं. ओळ नाही, फेरा. फेरा संपला की काम उलटं करायचं नाही, तसंच पुढं जायचं. चांगली बाजू सतत आपल्याकडं. त्यामुळं साध्या विणीसाठी सगळे टाके सुलट. उलट टाका लागतच नाही. ज्यांचा उलट टाका सुलटापेक्षा सैल पडतो, आणि बऱ्याचजणींचा पडतो, त्यांच्या सपाट विणीत आडव्या पट्ट्या उमटतात. गोल विणीत तो प्रश्नच मिटतो.

महिनाभरात माझी एक टोपी झाली. मग ती सुई मी घरी चारच्या चहाला घेऊन बसले, अव्वांच्या समोर. काही बोलले नाही. दोन दिवस त्यांनी दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी चष्मा लावला.

“इदेनव्वा, सायकल ब्रेकिन वायर?”

मी हातात दिली. त्यांनी टोकं बघितली, सांधा चाचपला (कुणी न सांगता), टोपी आतून बाहेरून पाहिली आणि निकाल दिला: “यात उलट टाका नाही. उलट नाही ते विणकाम कसलं? लहान पोरंही करतील.” आणि परत दिली. बोलल्या मात्र बऱ्याच दिवसांनी एवढं लांब वाक्य.

मग मी त्यांना कशिद्याचं विचारलं. धारवाडकडच्या बायकांना कसूती सांगायला लागू नये, आणि अव्वांच्या हातच्या कसूतीच्या दोन इरकली साड्या अजून घरात आहेत. त्यातल्या एकीच्या पदरावर गोपुर, रथ, तुळशीवृंदावन, हत्ती. मी पदर उलटा करून विचारलं, “अव्वा, यात तरी उलटी बाजू कुठं आहे?”

कसूतीत चार टाके: गवंती, मुर्गी, नेगी, मेंथी. त्यातल्या गवंती आणि मुर्गीची गंमत अशी, की सुई आधी एक टाका सोडून एक टाका अशी पुढं जाते, आणि मग त्याच वाटेनं परत येत सुटलेली जागा भरून काढते. गाठ मारायची नाही. कापड मोजून, धागे मोजून. जिथून निघालो तिथंच परत यायचं. म्हणून पदर दोन्हीकडून सारखा दिसतो. वायरच्या सुईलाही उलटी बाजू बघावी लागत नाही, पण कारण बरोबर विरुद्ध: ती परत येतच नाही, पुढंच जाते. अव्वा पदराकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “गवंतीला वाट आधी डोक्यात काढावी लागते. परत यायची वाट चुकली की संपलं.” आणि मग धारवाडच्या मिशनच्या मुलींच्या शाळेचं सांगायला लागल्या, तिथल्या शिवणाच्या बाईंचं, थंडीत पायात घालायच्या मोज्यांचं.

मोजे! तिथंच धागा सापडला. त्या शाळेत त्यांनी मोजे विणले होते, चार आखूड, दोन्हीकडं टोकदार सुयांवर. टाके तीन सुयांवर वाटून घ्यायचे आणि चौथीनं विणत गोल फिरायचं. म्हणजे गोल विणीची त्यांच्या हातांना साठ वर्षांपूर्वीची ओळख होती. “मग ही त्या चार सुयांचीच बहीण की,” मी म्हटलं. त्यांनी वायरची सुई पुन्हा हातात घेतली, यावेळी दोन फेरे विणले. काखेत दाबायला सुईच नाही म्हणून हात जरा बावरला, पण मनगट दुखलं नाही. दुखलं असतं तर त्यांनी सांगितलं नसतं, हेही खरं. पण मी मनगटाकडं बघत होते आणि डावा हात ते दाबायला गेला नाही.

खरं तर गोल विणच थोरली आहे. जर्मनीत हांबुर्गच्या कलासंग्रहालयात बुक्स्टेहुडच्या देवळातलं, सुमारे सन १४०० च्या आसपासचं, मास्टर बेर्ट्रामच्या नावानं ओळखलं जाणारं एक चित्र आहे. त्यात मेरीमाता बसून बाळाचा अंगरखा विणते आहे, अनेक सुयांवर, गोल, गळ्यापाशी आलेला. चित्रकारानं तो बघून काढलाय, कल्पनेनं नव्हे. सुया बरोबर जिथं हव्या तिथंच आहेत. वायर तेव्हा नव्हती, ती विसाव्या शतकातली. आणि वायरीची बाजू ज्यांनी सर्वांत खणखणीत मांडली त्या इंग्लंडात जन्मलेल्या, अमेरिकेत राहिलेल्या एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९). त्यांचं ‘निटिंग विदाउट टिअर्स’ हे १९७१ चं पुस्तक ग्रंथपाल बाईंकडं आहे, कव्हर निघालेलं. झिमरमनबाईंचा हिशेब शेकड्यात चालतो: छातीचा घेर शंभर धरा, मग बाहीचं मनगट त्याच्या सुमारे पाचवा हिस्सा, दंडाशी बाही सुमारे तिसरा हिस्सा, गळा चाळीस टक्के. नमुन्याचा कागद नको, आपल्या माणसाचं माप पुरे.

अव्वांना हे वाचून दाखवलं तर म्हणाल्या, “मग आम्ही काय करत होतो?”

पुढच्या रविवारी त्यांनी ट्रंक उघडायला लावली. अर्धवट स्वेटर बाहेर आला. लेक आता नऊ वर्षांची, बरीच उंच झालेली. तिच्या अंगाला लावून पाहिला. पाठ पाठीच्या मध्यापर्यंतही पुरेना. मला वाटलं होतं त्या बाजूला ठेवतील. त्यांनी सुया ओढून काढल्या, टोक शोधलं आणि माझ्या हातात देऊन म्हणाल्या, “बिच्चु.”

उसवणं हे काम ज्यांनी कधी केलं नाही त्यांना त्यातला जीव कळणार नाही. एकजण ओढतो, दुसरा गुंडाळतो. धागा टाक्याटाक्यातून टुकटुक करत सुटत येतो आणि पाठ वरून खाली विरघळते. सगळ्यात वाईट वाटलं ते मुंढ्याच्या उताराला; तिथले कमी केलेले टाके त्यांनी मोडक्या हातानं घातले होते, त्या चार ओळी तिथंच होत्या. त्या सुटल्या तेव्हा अव्वांनी बघितलं नाही, खुर्चीच्या पाठीला लडी गुंडाळण्यात गर्क असल्यासारखं दाखवलं. उसवलेली लोकर नूडल्ससारखी कुरळी असते. लडीला चार ठिकाणी सैल दोरा बांधून, कोमट पाण्यात भिजवून, न पिळता, खाली वाटीचं वजन लटकवून सावलीत वाळत घातली. दोन दिवसांनी सरळ झाली. दोन गुंडे नवे आणले. रंग थोडा वेगळा निघाला, तेव्हा तो गळ्याला आणि बाहीच्या बॉर्डरला वापरायचं ठरलं.

माप घेतलं. छाती सव्वीस इंच, वाढीला दोन, म्हणजे अठ्ठावीस. आठ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या वायरवर विणून पाहिलेल्या तुकड्यात इंचाला साडेपाच टाके. अठ्ठावीस गुणिले साडेपाच, एकशे चोपन्न. टाके अव्वांनी घातले. जोडायच्या आधी दोघींनी मोजले, आणि इथं खरी धमाल झाली. अव्वा कन्नडात मोजतात, मी मराठीत. कन्नडात दशक आधी येतं: ऐवत्त-नाल्कु, पन्नास-चार. मराठीत एकक आधी: चो-पन्न, चार-पन्नास. दोघी एकदमच मोठ्यानं मोजायला लागलो की साठीच्या पुढं दोघींची गाडी रुळावरून उतरते. लेक इंग्रजी शाळेतली. तिनं तिसराच सूर लावला. शेवटी दर वीस टाक्यांना एक खूण अडकवली आणि मोजणं बंद केलं. पुण्याहून आलेली माझी मावशी हे सगळं बघून हसत होती. ती पहिल्यांदा बेळगावला आली तेव्हा ‘होलिगे क्लास’ हे शब्द ऐकून तिला वाटलं होतं, इथं पुरणपोळ्या शिकवतात!

बॉर्डर एक सुलट, एक उलट. धागा सुलटाला मागं, उलटाला पुढं. “दार हिंद, दार मुंद,” असं अव्वा पुटपुटतात. दार म्हणजे धागा हे लेकीला माहीत आहे, तरी दर वेळी ती दरवाजाकडं बघून हसते. बॉर्डर लागली तेव्हा अव्वा विजयानं म्हणाल्या, “बघ. उलट आलाच ना?”

आता त्यांचा एक आक्षेप मला मान्य करावा लागतो. शिवण नसलेल्या स्वेटरला कणा नसतो, तो धुतल्यावर लोंबतो, असं त्या म्हणतात. मोठ्या, जड लोकरीच्या स्वेटराबाबत ते बरोबर आहे. दोन्ही बाजूंच्या शिवणी कापडाला धरून ठेवतात. झिमरमनबाईंना हे पटलं नसतं कदाचित. पण लहान मुलांच्या हलक्या स्वेटरला तो धोका कमी, आणि त्याला एक फायदा आहे जो तुकड्यांच्या विणीत नाही: अर्ध्यातच अंगावर घालून बघता येतो. टाके जाड दोऱ्यावर उतरवायचे की झालं. लेकीला तीन वेळा घालायला लावला. तिसऱ्यांदा अव्वा म्हणाल्या, “उंचीला दोन बोटं अजून,” आणि तेवढंच आणखी विणलं. शिवून झाल्यावर कळलं असतं तर पुन्हा ‘बिच्चु’ होतं.

अंग काखेपर्यंत झालं सव्वा महिन्यात. त्या रोज अर्धा-पाऊण तास विणतात, जास्त नाही. मनगट दुखायच्या आधी थांबायचं, हे त्यांनी स्वतःला लावून घेतलंय. घड्याळाकडं बघून “साकु” म्हणतात आणि वायर मांडीवर ठेवतात. विणताना बोलतात. आधी धारवाडचं, मग हळूहळू माझ्या सासऱ्यांचं, जे मी अठरा वर्षांत कुणाकडून ऐकलं नव्हतं. कन्नडात सुरू होतं, मध्येच मराठीत येतं, परत कन्नडात जातं. मी आता कन्नडात उत्तर देते. त्या माझं व्याकरण सुधारत नाहीत, टाके सुधारतात.

सध्या बाह्यांचं चाललं आहे. बाहीचा घेर ६० सेंटीमीटरच्या वायरला लहान पडतो. अव्वांनी आपल्या जुन्या चार सुया काढल्या. आखूड आणि हलक्या, मनगटाला चालतात. दुसरी बाही मी घेतली आहे, १०० सेंटीमीटरच्या लांब वायरवर. तिचा मधला भाग टाक्यांमधून फास्यासारखा बाहेर ओढून ठेवायचा आणि अर्धे-अर्धे टाके विणत फिरायचं. ही युक्ती २००२ च्या एका छोट्या पुस्तिकेनं सगळीकडं पसरवली, ‘मॅजिक लूप’ या नावानं. मनगटाच्या टाक्यांचा मी शेकड्यानं हिशेब केला, एकतीस आले. अव्वांनी लेकीच्या मनगटाला दोरा गुंडाळला, पट्टीवर ठेवला आणि म्हणाल्या, बत्तीस. बॉर्डरला सम संख्याच लागते, ते वेगळंच.

चार बोटं विणून झाल्यावर दोन्ही बाह्या शेजारी ठेवल्या. टाके तेवढेच, पण माझी बाही थोडी रुंद. माझा हात सैल आणि अव्वांचा आवळ, असतात प्रत्येकीचे हात. त्यांनी दोन्ही बाह्या उजेडात धरल्या, माझी थोडी ताणून पाहिली, आणि म्हणाल्या, “वायर बदल. नऊ नंबर घे.”

नऊ नंबर म्हणजे ३.७५. गणपत गल्लीत १०० सेंटीमीटरमध्ये ती नव्हती. मंगळवारी येईल म्हणाले. तोवर माझी बाही खुंटीला आहे. अव्वांची कोपरापर्यंत पोचली.